वृद्धांचे मालमत्तादान आणि कुटुंबातील तंटे : न लिहिलेल्या अटीचा प्रश्न

घरातील वडील माणसाने हयातीतच घर किंवा जमीन एका अपत्याच्या नावे करून द्यावी आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत त्या कुटुंबातील माणसे परस्परांशी बोलेनाशी व्हावीत, हा अनुभव आपल्या समाजात इतका सर्वसाधारण आहे की त्याची मीमांसा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. लोभ हा शब्द उच्चारला की पुष्कळांचे समाधान होते. मुलगा लोभी निघाला, सून लोभी निघाली, किंवा मुलींना माहेरच्या मालमत्तेचा मोह सुटला नाही, असे म्हटले म्हणजे प्रश्न संपला असे मानण्यात येते. लोभ असतो हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि ज्या घरांत कोणीही विशेष लोभी नाही अशा घरांतही हेच तंटे उद्भवतात. आणि न्यायालयांपुढे आलेली प्रकरणे वाचली असता असे दिसते की त्यांच्या मुळाशी पुष्कळदा एक निराळीच गोष्ट असते. एकच दस्तऐवज कुटुंब एका अर्थाने समजत असते आणि कायदा दुसऱ्या अर्थाने. या अर्थभेदाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी ७८ वर्षांची एक विधवा राहते. तिचे पती शिक्षक होते; त्यांनी आपल्या वेतनातून घर बांधले आणि मृत्युपत्र न करता ते वारले. दोन मुलगे व एक मुलगी. थोरला नोकरीनिमित्त परगावी, मुलगी सासरी, धाकटा आईजवळ. वडिलांच्या मागे घराच्या मिळकतपत्रिकेवर सर्वांच्या संमतीने आईचे नाव लागले. पुढे घराची डागडुजी करण्यासाठी धाकट्याला कर्ज काढावयाचे होते आणि त्यासाठी घर त्याच्या नावे असणे सोयीचे होते. आईने बक्षीसपत्र करून दिले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाताना तिच्या मनात एकच विचार होता : ‘हा मला शेवटपर्यंत सांभाळील.’ मुलाच्याही मनात त्या क्षणी तेच असावे. पण हे वाक्य दस्तात कोठेही आले नाही. दस्तात आले ते दस्तलेखकाच्या ठरीव भाषेतील वाक्य : ‘तुम्ही माझे पुत्र असून तुमच्याविषयी मला वाटणाऱ्या नैसर्गिक प्रेमापोटी ही मिळकत मी तुम्हांस बक्षीस देत आहे.’ पुढील सारा तंटा या दोन वाक्यांमधील अंतरात साठलेला आहे.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १२२ प्रमाणे दान म्हणजे स्वेच्छेने व मोबदल्याविना केलेले हस्तांतर होय. ते स्वीकारले जाणे आवश्यक आहे, आणि हा स्वीकार दात्याच्या हयातीत व तो दान देण्यास समर्थ असतानाच झाला पाहिजे. स्थावर मालमत्तेचे दान कलम १२३ नुसार नोंदणीकृत दस्ताने व निदान दोन साक्षीदारांसमक्ष करावे लागते. एवढे झाले की दान पूर्ण होते. ते मागे घेण्याची वाट कलम १२६ ने फारच अरुंद ठेवली आहे : दात्याच्या केवळ मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडल्यास दान रद्द होईल असे उभयतांनी ठरविलेले असावे, किंवा ज्या कारणांनी करार रद्द होऊ शकतो तसे फसवणूक, जबरदस्ती अथवा अनुचित प्रभाव यांसारखे कारण असावे. ‘मन बदलले’ हे कारण कायद्याला ठाऊक नाही. म्हणूनच पश्चात्ताप झालेले वृद्ध दाते पुन्हा निबंधकाकडे जाऊन एकतर्फी ‘रद्दपत्र’ नोंदवितात, तेव्हा त्या कागदाने दानपत्राचे सामान्यतः काहीच बिघडत नाही.

कायद्याच्या या दृष्टीने पाहता आपल्या उदाहरणातील मातेने मोबदल्याविना घर दिले. तिच्या स्वतःच्या दृष्टीने मात्र मोबदला होताच. तो पैशांत नव्हता, एवढेच. दोन वेळचे जेवण, औषधपाणी, माजघरातील तिची जागा, आणि घरात काही ठरवावयाचे झाल्यास तिला विचारले जाणे. मग हे तिने लिहून का घेतले नाही? कारण लिहून मागणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखविणे, असे आपल्याकडे समजले जाते. पोटच्या मुलाकडून ‘मी आईला जेवू घालीन’ असा लेख घेणाऱ्या आईला शेजारीपाजारी काय म्हणतील, या विचारानेच ती गप्प राहते. आणि जो मुलगा आज आपण होऊन तसे लिहून देण्यास तयार झाला असता, तोही संकोचाने विषय काढीत नाही.

येथे आपल्या जुन्या धर्मशास्त्राकडे वळणे उद्बोधक ठरेल. नारदस्मृतीत अठरा व्यवहारपदांपैकी ‘दत्ताप्रदानिक’ नावाचे एक स्वतंत्र पद आहे. दिलेली वस्तू परत घेता येते काय, हा त्याचा विषय. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात व्यवहाराच्या प्रकरणी या पदाचे विवेचन आले आहे. नारदाने देय, अदेय, दत्त आणि अदत्त असे चार भाग पाडले. ‘अदत्त’ म्हणजे वरकरणी दिलेले, पण कायद्याच्या दृष्टीने न दिलेले. त्याचे सोळा प्रकार तो सांगतो. भय, क्रोध, शोक वा रोग यांच्या आवेगात दिलेले. लाच म्हणून, थट्टेने, चुकीने वा कपटाने दिलेले. बालकाने, मूढाने, परतंत्राने, आर्ताने, मद्य प्यालेल्याने वा वेड लागलेल्याने दिलेले. ही यादी आधुनिक वकिलास मुळीच अपरिचित वाटणार नाही. लक्षणीय आहे तो शेवटचा प्रकार : ‘हा माझे काम करील’ अशा समजुतीने, परत काही मिळण्याच्या इच्छेने दिलेले, आणि ते काम झाले नाही तर तेही अदत्तच. आपल्या विधवेच्या मनातील वाक्य नारदाने अशा रीतीने कायद्यात आणून ठेवले होते. शिवाय ‘अदेय’ वस्तूंत त्याने दोन गोष्टी घातल्या आहेत : अनेकांच्या समाईक मालकीची वस्तू, आणि संतती असताना आपले सर्वस्व. दुसरा नियम आज कायदा राहिलेला नाही. पण घरोघरीच्या वृद्धांना विचारले तर अनुभवाने त्याच्याशी सहमत होणारे पुष्कळ निघतील.

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ (१९७०) या नाटकातील आप्पासाहेब बेलवलकरांनी निवृत्तीच्या वेळी सर्वस्व मुलांना वाटून टाकले, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. त्या नाटकाची चर्चा बहुधा कृतघ्नतेच्या अंगाने होते. आम्हांस त्यात नारदाचा हा ‘अदेय’विषयक नियम दिसतो, हे जाता जाता नमूद करतो.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वळणाच्या कायद्याने जे दार बंद केले होते ते आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम २३ ने अंशतः उघडले. साठ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीने, घेणाऱ्याने आपल्या मूलभूत गरजा भागवाव्यात या अटीवर, दानाने वा अन्य मार्गाने मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने तसे करण्यास नकार दिला असेल किंवा त्यात कसूर केली असेल, तर ते हस्तांतर फसवणुकीने, जबरदस्तीने वा अनुचित प्रभावाखाली झाले असे मानावे, आणि दात्याच्या इच्छेनुसार न्यायाधिकरणाने ते निरर्थक ठरवावे, असे हे कलम सांगते. महाराष्ट्रात या न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकारी, म्हणजे लोकभाषेतील प्रांतसाहेब, पाहतात. अधिनियम अमलात येण्यापूर्वी झालेल्या हस्तांतरांना मात्र हे कलम लागू नाही.

परंतु ‘या अटीवर’ या दोन शब्दांनी जुना प्रश्न नव्याने उभा केला. अट लिहिलेलीच असली पाहिजे काय? की आईने मुलाला घर दिले यातच ती गृहीत धरावयाची? केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२० साली असा निर्णय दिला की अट दस्तात स्पष्टपणे असली पाहिजे. हरियाणातील एका मातेने अपत्यांच्या नावे केलेल्या हक्कसोडपत्राच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये हाच कल दर्शविला : अट होती हे सिद्ध झाले पाहिजे, आईवडील पुष्कळदा निव्वळ प्रेमाने, परतफेडीची अपेक्षा न ठेवताही देतात, तेव्हा प्रत्येक हस्तांतराला सांभाळाची अट आपोआप चिकटते असे म्हणता येणार नाही. तर्क म्हणून हे बिनचूक आहे. पण त्याचा परिणाम असा की दस्तलेखकाचे ‘नैसर्गिक प्रेमापोटी’ हे वाक्य दात्याच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागले.

जानेवारी २०२५ मध्ये मध्यप्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा रोख वेगळा दिसला. तेथे आईने मुलाला २०१९ साली दानपत्र करून दिले होते. मुलगा आपला सांभाळ करतो असा उल्लेख दस्तात होता, आणि सांभाळ न केल्यास आईला मालमत्ता परत घेता येईल असे वचनपत्रही आईने पुढे केले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिच्या विरुद्ध निकाल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला, दानपत्र रद्द ठरविले, आणि हा अधिनियम वृद्धांच्या हितासाठी आहे, सबब त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे, असे सांगितले. ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरणास देता येतो हेही स्पष्ट केले. त्याच वर्षी मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने याहीपुढे जाऊन, प्रेम व जिव्हाळा हाच अशा दानाचा आधार असल्याने सांभाळाची अट त्यात गर्भित असते, असे मत दिले. तेथे आईने मुलाला घर दिले होते. मुलगा वारला, आणि त्यानंतर सुनेने दुर्लक्ष केल्याची वृद्धेची तक्रार होती. एकच शब्दप्रयोग एका न्यायालयात अटीच्या अभावाचा पुरावा ठरतो आणि दुसऱ्या न्यायालयात अटीच्या अस्तित्वाचा. आमच्या मते दुसरा अर्थ कुटुंबजीवनाच्या वास्तवाशी अधिक जुळतो. परंतु वृद्ध माणसाने कोणत्या न्यायालयाचा अर्थ आपल्या वाट्याला येईल यावर आपले छप्पर सोडून द्यावे, हे शहाणपणाचे नव्हे.

या कलमाचा दुरुपयोग होत नाही असेही नाही. बंगळूरुच्या एका प्रकरणात सासूसासऱ्यांनी या अधिनियमाखाली सुनेला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळविला होता. ते घर मुळात तिच्या पतीने घेऊन पुढे आपल्या वडिलांच्या नावे केले होते, आणि वडिलांनी ते पत्नीला दान दिले होते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या अधिनियमाने सुनेला मिळालेला निवासाचा हक्क अशा रीतीने गुंडाळून ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ठरविले.

आतापर्यंत दाता स्वतःच तक्रार करतो अशा तंट्यांचा विचार झाला. दुसरा प्रकार असा की दाता काही बोलत नाही, किंवा तो वारलेला असतो, आणि वगळले गेलेले भाऊबहीण दस्ताला हरकत घेतात. येथे प्रश्न अटीचा नसून मनाचा असतो : सही करताना त्या वृद्धाचे मन त्याचे स्वतःचे होते काय? भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १६ ने वय, आजार अथवा मानसिक वा शारीरिक क्लेश यांमुळे ज्याची बुद्धी क्षीण झाली आहे अशा व्यक्तीवर दुसऱ्याचा वरचष्मा असू शकतो हे मान्य केले आहे. पण केवळ म्हातारपण पुरेसे नाही. बंगालमधील एका वृद्धाने सुमारे नव्वदीच्या वयात १९४४ साली नातवाला दिलेले दान सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली कायम केले. आजोबा-नातू हे नाते आणि आजोबांचे वय, एवढ्यावरून अनुचित प्रभाव गृहीत धरता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. उलट २००३ साली निकालात निघालेल्या प्रकरणात देणारा शंभरी ओलांडलेला, निरक्षर, अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेला होता, आणि अंगठा त्यानेच उठविला हे सांगणारा विश्वसनीय साक्षीदार नव्हता. तेथे व्यवहार सचोटीचा होता हे दाखविण्याचा भार न्यायालयाने लाभ घेणाऱ्यांवर टाकला. फरक केवळ वयाच्या आकड्यात नाही. त्या वृद्धाभोवती त्या दिवशी कोण होते आणि कोण नव्हते, यात आहे.

मृत्युपत्राच्या बाबतीत हीच गोष्ट न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९५८ साली म्हैसूरकडील एका वृद्ध स्त्रीच्या मृत्युपत्रासंबंधीच्या निकालपत्रात मांडली. तिची तत्त्वे आजही प्रत्येक दाव्यात उद्धृत होतात. ज्याला लाभ होतो त्यानेच दस्त करण्यात पुढाकार घेतला असेल, सही थरथरती असेल, निकटच्या वारसांना वगळण्याचे कारण दिसत नसेल, तर ही संशयास्पद परिस्थिती दूर करणे हे मृत्युपत्र पुढे करणाऱ्याचे काम आहे. आता आपल्या उदाहरणातील धाकटा मुलगा आठवावा. आईला रिक्षात बसवून निबंधकाकडे नेणारा तोच, दस्तलेखक शोधणारा तोच, साक्षीदार त्याचेच मित्र. दुसरे कोणी जवळ नसल्याने हे सारे त्यालाच करावे लागले, हे खरे. पण परगावच्या भावाला व सासरच्या बहिणीला त्याने कळविले नाही, आणि ‘उगाच वाद नको’ म्हणून आईनेही कळविले नाही. बहिणीला ते कळते नाव बदलण्याच्या नोंदीची नोटीस हाती पडते तेव्हा. वाद टाळण्यासाठी पाळलेले हे मौनच पुढे वादाचा पहिला पुरावा होऊन बसते.

आणखी एक गैरसमज येथे उघड केला पाहिजे, कारण आमच्या समजुतीप्रमाणे महाराष्ट्रातील निम्मे घोटाळे त्यातून उपजतात. मिळकतपत्रिकेवर अथवा सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, असे नव्हे. ती नोंद महसुलाच्या सोयीची असते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या शिक्षकाचे स्वकष्टार्जित घर पत्नी, दोन मुलगे व मुलगी यांना सारखे, म्हणजे प्रत्येकी एक चतुर्थांश, मिळाले. हक्कसोडपत्र नोंदविले गेले नसेल तर आई फक्त आपल्या चतुर्थांशाची मालक होती. तिने ‘संपूर्ण घर’ बक्षीस दिले असे दस्त म्हणतो; पण तिला तीन चतुर्थांश देताच येत नव्हते. नारदाचा समाईक वस्तूविषयीचा नियम येथे आधुनिक वेषात उभा राहतो. घर वडिलोपार्जित व एकत्र कुटुंबाचे असते तर स्थिती याहून बिकट : अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, परंतु इतर सहदायादांच्या संमतीवाचून दान करता येत नाही. मुली या सहदायाद आहेत. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली तसे केले. २००५ च्या सुधारणेच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली निश्चित केले. ‘बहिणींनी सही दिली की झाले’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. ती सही कशावर आहे आणि नोंदली गेली आहे काय, हे मात्र कोणी पाहत नाही.

हे विवेचन मुख्यतः हिंदू कुटुंबांसंबंधी आहे. मुस्लिम कायद्यातील हिबा तोंडीही वैध असतो, पण ताबा देणे हे त्यात आवश्यक अंग असल्याने तंटे बहुधा ताब्याभोवती फिरतात. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असल्याने आईवडिलांना सामान्यतः निम्म्याच मालमत्तेची मनाजोगी विल्हेवाट लावता येते. उरलेली निम्मी अपत्यांसाठी राखीव असते. एका मुलाला सर्व देऊन इतरांस वगळण्याची वाटच तेथे कायद्याने अडविली आहे.

मग मृत्युपत्र हा सोपा मार्ग असताना लोक दानाकडे का वळतात? मृत्युपत्र मरणापर्यंत केव्हाही बदलता येते, आणि तोवर घर वृद्धाचेच राहते. पण हीच गोष्ट घेणाऱ्याला नको असते. शिवाय महाराष्ट्रात २०१५ पासून पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात व मृत मुलाची पत्नी यांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देण्यावरील मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणले गेले. सवलत चांगल्या हेतूने दिली गेली. परंतु ज्या निर्णयापूर्वी पूर्वी खर्चामुळे तरी दहा वेळा विचार होत असे, तो आता एका सकाळचे काम झाला आहे.

दान करावयाचेच असेल तर दात्याने ताबा व उपभोग तहहयात आपल्याकडे राखून ठेवला म्हणून दान अवैध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. म्हणजे आपल्या विधवेला आपल्या चतुर्थांशाच्या दस्तात दोन वाक्ये जास्त लिहिता आली असती : एक, या घरात मरेपर्यंत राहण्याचा हक्क मी राखून ठेवीत आहे, दुसरे, हे दान माझा सांभाळ करण्याच्या अटीवर आहे आणि ती मोडल्यास ते रद्द होईल. त्यासाठी मुद्रांक वाढला नसता. दस्तलेखकाच्या ठरीव नमुन्यात ही वाक्ये सहसा नसतात. तेव्हा ती मागावी लागतात, आणि मागावयाची कोणी, तेथे गाडे अडते.

तिच्या घरात आज जी स्थिती आहे तिच्यात तिला दोन दारे ठोठवावी लागतील. सांभाळ होत नाही ही तक्रार प्रांतांच्या न्यायाधिकरणापुढे न्यावी लागेल; तेथे दान रद्द होऊ शकेल, आणि दरमहा कमाल १०,००० रुपये निर्वाह मिळू शकेल. पण चौघांचे हिस्से ठरविण्याचा अधिकार त्या न्यायाधिकरणाला नाही. थोरला मुलगा व मुलगी यांचा वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात चालेल, आणि त्यात प्रतिवादी म्हणून धाकट्या मुलाच्या शेजारी त्यांना आईचेही नाव घालावे लागेल.